विझणारा हिरवा दिवा

१

भिवराबाई आष्टीला पोचल्याच नाहीत, हे मंजुषाला कळलं आणि बातमी पुरी व्हायच्या आत नेट गेलं.

भिवराबाई म्हणजे तिच्या सासऱ्यांची बहीण, घरातल्या सगळ्यांच्या आत्याबाई. त्यांची एकुलती लेक दिपाली आष्टीहून कंप्युटरच्या पडद्यावर बोलत होती. डोळे सुजलेले. "वहिनी, आज आबामामाला फोन लावला, तर ते म्हणतात आई मागंच निघाली. इकडं तर आलीच न्हाई. तिचा फोन बंद हाय. मला वाटलं, भावाकडं राहिली असंल चार दिवस..."

इथं तिचा चेहरा थिजला. तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि मग पडदा पांढरा झाला.

मंजुषा मोबाईल घेऊन गच्चीवर पळाली, कारण घरात मोबाईलला रेंज मिळत नसे. उमापूरच्या शिवारात सासऱ्यांची, आश्रुबांची वस्ती गावापासून लांब, चहूबाजूंनी रान. ऊसतोडीचा हंगाम लागल्यापासून आसपासची बिऱ्हाडं कारखान्यांवर गेलेली. शेजारी म्हणून हाक मारावी असं कोणी उरलं नव्हतं.

गच्चीवरून दिपालीचा फोन लागला. मंजुषानं तिला धीर दिला आणि खाली येऊन नवऱ्याला गाठलं. अभिमन्यू नुकताच बाहेरून येऊन ओसरीवर बुलेट पुसत होता.

"अहो, आत्याबाई घरी पोचल्या नाहीत."

त्याचा हात थांबला. पण क्षणभरच. "कसं शक्य हाय? मीच गेवराईला नेलं. स्टँडवर बीडच्या गाडीत बसवलं. बीडहून आष्टीची गाडी धरते म्हणाली." तो पुन्हा टाकी पुसू लागला. "रागात व्हती लई. कुणा मैत्रिणीकडं गेली असंल. येईल राग निवला की."

मंजुषानं मान हलवली. सहा वर्षांच्या संसारात या माणसानं तिच्यावर आवाज चढवला नव्हता. त्याच्या शब्दावर शंका घ्यावी असं तिच्या मनातही आलं नाही.

२

आत्याबाईंचा राग घरात सगळ्यांना ठाऊक होता.

आश्रुबांच्या रानाला लागून नवा रस्ता गेला होता. रस्त्याकडेच्या तुकड्यावर अभिमन्यूला पेट्रोल पंप टाकायचा होता. त्यासाठी सातबारा मोकळा हवा आणि सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव. हक्कसोडावर सही करायला म्हणून विधवा भिवराबाईंना आष्टीहून बोलावून घेतलं. साडीचोळी केली, पुरणपोळी केली. त्या जेवल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "सही न्हाई करायची मला. माझा वाटा मीच कसणार. इथं खोपटं बांधून राहीन."

त्यावर सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो धाकटा दीर अंगद. पायरीवर चप्पल आपटून म्हणाला होता, "पुन्हा या घरात पाय ठेवशील तर बघ." दुसऱ्या दिवशी मंजुषा माजलगावला माहेरी गेली. परत आली तेव्हा आत्याबाई गेलेल्या होत्या.

आता तिनं अंगदला गोठ्यात गाठलं.

"भाऊजी, आत्याबाई निघाल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"कावून? माझ्यावर संशय हाय का तुमचा?" त्यानं पेंढीची गाठ सोडता सोडता वर पाहिलं. नजर चांगली नव्हती. "कापसाची गाडी घेऊन गेवराईला जिनिंगवर गेलतो. रांग लई व्हती, दिवस तिथंच मोडला. आलो तवा ती न्हवती. बरंच झालं म्हणलं."

"पोलिसात कळवायला हवं."

"निवडणूक तोंडावर हाय आबाची. पेपरात नाव आलं का मग बघा." तो पेंढी ओढत निघून गेला.

सासरे आश्रुबा गोदामाच्या हापिसात बसले होते. गोदाम घरापासून बरंच लांब, रस्त्याला लागून. पुढं आश्रुबांचं हापिस, मध्ये छपरापर्यंत कापूस ठासलेला आणि अगदी मागं, रानाच्या अंगाला, खताची खोली. त्या खोलीचं दार मागच्या बाजूनं उघडायचं. तिकडं उभ्या तुरीशिवाय काही नव्हतं. कापूस घरात आल्यापासून अभिमन्यू राखणीला रात्री गोदामावर झोपायचा.

"आबा, आत्याबाईंना शेवटचं तुम्ही कधी बघितलं?"

म्हाताऱ्यानं समोरची वही मिटली. "मी खोलीतून बाहेर आलोच न्हाई त्या दिवशी. बहिणीच्या तोंडाकडं बघायची लाज वाटली. अभिमन्यू म्हणला, सोडून येतो." त्यांनी उपरणं तोंडावरून फिरवलं. "ती लहानपणापासून हट्टी. येईल म्हणून वाट बघतोय."

उठताना मंजुषाची नजर भिंतीवरच्या किल्ल्यांच्या खिळ्यांकडं गेली. एक खिळा मोकळा होता.

"खताच्या खोलीची किल्ली कुठंय, आबा?"

"अंगदकडं असंल."

परत जाताना तिनं अंगदला विचारलं. तो म्हणाला, "आबाकडं असंल."

घरी येऊन बघते तर बुलेट ओसरीवर नव्हती आणि नेट पुन्हा गेलेलं.

३

ही नेटची कटकट आत्याबाई गेल्यापासूनच सुरू होती, पण मंजुषानं दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या नव्हत्या. जोडायचं कारणच काय?

ती पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या काम करायची. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, उत्तरं द्यायची. बोलता बोलता नेट गेलं की पलीकडचा माणूस वैतागून फोन ठेवायचा आणि कंपनीत तिच्या नावापुढं खूण पडायची. अशा खुणा वाढल्या की काम जाणार, असा इशारा येऊन गेला होता.

नेटचा डबा गोदामाच्या हापिसात. बाहेरची लाईन तिथवरच आलेली. तिथून एक निळी वायर निघून कापसावरच्या आढ्यावरून मागं खताच्या खोलीत जायची, झरोक्यातून बाहेर पडायची आणि खांबावरून घरात, मंजुषाच्या कंप्युटरला. बसवताना वायर कमी पडली होती, म्हणून खताच्या खोलीत दुसरी वायर जोडून भिंतीवर जॉइंट मारला होता. दोन टोकं एका छोट्या डबीत खोचलेली.

गेवराईच्या आदिनाथचं केबलचं दुकान होतं. त्याला तिनं गच्चीवरून फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तुमचा डबा माझ्याकडं चालू दिसतोय. आत्ता, या घडीला. बाहेरून काय प्रॉब्लेम न्हाई."

"मग माझं नेट का जातंय?"

"कंप्युटरच्या मागं वायर खोचलीय तिथं हिरवा दिवा हाय. नेट जाईल तवा तो बघा. दिवा चालू राहिला तर बिघाड कंप्युटरात. दिवाच विझला तर वायर."

ती खुर्चीमागं जमिनीवर बसून राहिली. दुपार शांत होती, झाडाचं पान हलत नव्हतं. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांदेखत हिरवा दिवा विझला. काही वेळानं आपोआप लागला आणि पुन्हा विझला.

म्हणजे वायर. तिनं आपल्या बाजूचं टोक बदललं. फरक पडला नाही. उंदरानं कुरतडली असेल म्हणावं, तर कुरतडलेली वायर पुन्हा जोडली जात नाही. जॉइंट सैल असेल म्हणावं, तर वाऱ्यानं हलला पाहिजे, आणि वारा तर नव्हता.

संध्याकाळी अभिमन्यू घरी आला. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि हसून म्हणाला, "कुठं जातंय नेट? चाललंय की चांगलं."

खरंच चाललं होतं. तो बसला होता तोवर एकदाही गेलं नाही.

"मी असलो की कसं चालतं? तुझ्याच हाताला गुण न्हाई," तो म्हणाला.

तीही हसली. मग त्यानं राखणीला न्यायचा डबा मागितला. "भाकरी दोन जास्त दे. आणि ठेचा नको, रोजच्यासारखं दूध दे भांडंभर."

आज मंजुषा थबकली. ठेच्याशिवाय या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि दुधाचा वासही त्याला चालत नसे.

"रोज दूध? तुम्हाला?"

"पोटात आग पडतीय," तो म्हणाला आणि भांडं घेऊन गेला.

बुलेटचा आवाज गोदामापाशी जाऊन बंद झाला. त्या रात्री नेट एकदाही गेलं नाही.

४

सकाळी चहा देताना तिनं त्याला सहज सांगून टाकलं. सांगायला नको होतं, हे तिला नंतर समजलं.

"नेटचा बिघाड सापडला. कंप्युटर चांगला आहे, बाहेरची लाईन चांगली आहे. बिघाड मधेच कुठंतरी आहे. मला वाटतं, खताच्या खोलीतला जॉइंट. कोणीतरी हातानं काढून घातल्यासारखा जातो-येतो. आदिनाथला बोलावते, तो खोली उघडून बघेल."

अभिमन्यूनं कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिला वाटलं, याला बरं नाही. ओठांवरचा रंगच उडाला होता.

"आदिनाथला कशाला?" तो म्हणाला. "मीच बघतो."

"तुम्हाला जमेल?"

"म्हणलं ना, मी बघतो."

आवाज चढलेला नव्हता. पण असा आवाज तिनं कधी ऐकलाही नव्हता.

त्यानं गेवराईहून नव्या निळ्या वायरीचं भलंमोठं बंडल आणलं आणि दुपारभर एकटाच गोदामापाशी खपत राहिला. अंगद मदतीला गेला तर त्याला हाकलून दिलं. संध्याकाळी घामेघूम होऊन आला आणि म्हणाला, "झालं. आता न्हाई जायचं."

आणि नेट गेलं नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. हिरवा दिवा डोळा न मिटता जळत राहिला. मंजुषाचं काम सुरळीत झालं. पलीकडच्या एका बाईंनी तर तिला आशीर्वाद दिला. मंजुषा मात्र सकाळभर पुन्हा पुन्हा त्या दिव्याकडं वळून बघत होती, आणि का ते तिला उमगत नव्हतं.

दुपारी तिनं नेहमीप्रमाणं रात्रीचा डबा विचारला. "दूध किती देऊ?"

अभिमन्यू बुलेटला किक मारत होता. तिच्याकडं न बघता म्हणाला, "आज डबा नको."

५

बुलेटचा आवाज गेवराईच्या रस्त्याला लागला तशी मंजुषा घराबाहेर पडली आणि नव्या वायरीच्या खालून चालू लागली.

घरापासून खांब, खांबापासून गोदाम. तिथं वायर झरोक्यात शिरत नव्हती. गोदामाच्या कोपऱ्यावर खिळा मारून वळवली होती, लांबलचक भिंतीवरून बाहेरून नेली होती आणि पार पुढं हापिसाच्या खिडकीतून आत घेतली होती. जॉइंट दुरुस्त करायचा तर खोली उघडून डबी बदलायची, निमिषाचं काम. त्याऐवजी दुपारभर उन्हात शिडीवर चढून आपल्याच खोलीला असा वळसा घालायचा?

झरोक्यावर आतून पत्रा ठोकला होता. पत्रा नवा होता.

पण ती खोलीकडं गेली नाही. एकटीनं कुलूप तुटलं नसतं. ती हापिसात गेली. आश्रुबा गादीवर होते. अंगद दारात तंबाखू मळत होता. या दोघांवर विश्वास टाकावा का, याचा विचार तिनं चालता चालता केला होता.

"आबा, भाऊजी, माझं पुरतं ऐका, मधे बोलू नका," ती म्हणाली. "आत्याबाई खताच्या खोलीत आहेत."

अंगदच्या हातातली तंबाखू खाली पडली.

"माझं नेट त्या खोलीतल्या जॉइंटमुळं जात होतं. उंदीर नाही, वारा नाही. कोणीतरी डबीतून वायर उपसत होतं आणि परत खोचत होतं. कुलूपबंद खोलीत हात कुणाचा?"

"ओरडली असती की ती," अंगद म्हणाला.

"ओरडली असेल. पुढं छपरापर्यंत कापूस, मागं तूर. या हंगामात वस्तीवर माणूस नाही. कोण ऐकणार?"

"पर कोंडली कुणी?" आश्रुबांनी विचारलं.

"आधी मला भाऊजींचा संशय आला. मग मी नेट कधी कधी गेलं ते आठवलं. तुम्ही इथं हापिसात असताना गेलं. भाऊजी ओसरीवर घोरत होते तेव्हाही गेलं. हे घरी किंवा गोदामावर असले की कधीच गेलं नाही. बुलेटचा आवाज लांब गेला की आतल्या माणसाला कळायचं, आता भीती नाही, आता ओढावी. आत्याबाईंना या घरात एकाचीच भीती होती." तिनं भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडं बोट केलं. "त्यांना बसमध्ये बसवलेलं फक्त ह्यांनी बघितलं. ह्यांना दूध चालत नाही, आणि रोज रात्री दूध न्यायचे. काल सकाळी मी ह्यांना म्हणाले की बिघाड जॉइंटमध्ये आहे. दुपारी लगेच ह्यांनी खोलीला वळसा घालून नवी वायर ओढली. आणि आज म्हणाले, डबा नको."

मग अंगद उठला. कोपऱ्यातली पहार त्यानं उचलली तेव्हा मंजुषानं पाहिलं, हा ओरडणारा, चपला आपटणारा माणूस रडत होता.

६

कुलूप तुटायला वेळ लागला. प्रत्येक घावाला मंजुषा आतल्या आवाजाची वाट बघत होती. आतून आवाज आला नाही.

दार उघडलं तसा खताचा उग्र वास अंगावर आला. अंधारात पोत्यांच्या थप्पीला टेकून कोणीतरी बसलं होतं. एक पाय साखळीनं खांबाला बांधलेला. तोंडाला गमछा घट्ट बांधलेला, कालपासून असावा. बोटांची नखं तुटली होती. डोळे मात्र उघडे होते आणि ते मंजुषाकडं बघत होते.

अंगदनं गमछा सोडला. आत्याबाईंना आधी बोलताच येईना. मंजुषानं पाणी पाजलं. हापिसापासून गोदामाला वळसा घालून यायला आश्रुबांना उशीर झाला. ते दारात येऊन खालीच बसले, बहिणीच्या पायांपाशी.

"आवाज बसला ओरडून," आत्याबाई कुजबुजल्या. "मग तार ओढाया लागले. म्हणलं, सून तरी चौकशी करंल."

"कावून केलं त्यानं असं?" अंगदनं विचारलं.

"मी निघालेच व्हते. इथं आणलं, म्हणला, सही कर. मी न्हाई म्हणले. कुलूप लावून गेला. दुसऱ्या दिशी आला तवा पाया पडला माझ्या. म्हणला, आत्या, आता सोडलं तर तू सांगशील. मी म्हणले, सांगणार. मग रोज यायचा, दूध पाजायचा, रडायचा, आन् कुलूप लावून जायचा." त्यांना धाप लागली. "काल आला तवा रडला न्हाई. कायच बोलला न्हाई."

तेवढ्यात बुलेटचा आवाज आला.

अभिमन्यू गोदामाला वळसा घालून आला आणि उघडं दार बघून गाडीवरच थांबला. पळून जायला रस्ता मोकळा होता. तो गेला नाही. हँडलला कृषी केंद्राची पिशवी लटकत होती आणि पिशवीतून औषधाच्या बाटलीचं झाकण दिसत होतं. कापसावरची फवारणी संपून बरेच दिवस झाले होते. वेचणीही संपत आली होती. तुरीला शेंगा भरल्या होत्या. शेतात औषध मारण्यासारखं काहीच नव्हतं.

ती बाटली कोणासाठी, हे मंजुषानं विचारलं नाही. तिनं पुढं होऊन पिशवी हँडलवरून काढली आणि त्यानं ती काढू दिली.

"उघडायचंच व्हतं मला," तो म्हणाला. "रोज ठरवायचो. जेवढे दिवस गेले तेवढं अवघड झालं."

आश्रुबा भिंतीला धरून उठले. मंजुषाला वाटलं, आता मारतील. त्यांनी मारलं नाही. ते हात जोडून सुनेकडं वळले. "पोरी, बहीण जित्ती हाय. दवाखान्यात नेऊ, सगळं करू. पर ही घरातली गोष्ट घरातच..."

"आत्याबाईंना विचारा," मंजुषा म्हणाली.

आत्याबाईंनी भावाकडं बघितलं. मग मान फिरवली आणि मंजुषाला म्हणाल्या, "आधी माझ्या दिपालीला सांग मी हाय म्हणून. मग पोलिसाला लाव."

रस्त्यावर जाऊन मंजुषानं दोन्ही फोन केले. दिपालीचं नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. तिला रडू देऊन, मग फोन ठेवून, मंजुषानं दुसरा नंबर फिरवला.

अंधार पडायच्या आत पोलिसांची गाडी आली. आत्याबाईंना ॲम्ब्युलन्सनं दवाखान्यात नेलं. अभिमन्यू गाडीच्या मागच्या फळीवर बसला. अंगदनं त्याच्याकडं पाठ केली होती. हवालदार शिवशंकर वयस्क होते. आश्रुबांना कैक वर्षांपासून ओळखत होते. त्यांनी हापिसातल्या टेबलावर कागद पसरला, मंजुषाला समोर बसवलं आणि पेन काढून तसंच हातात धरलं.

"ताई, जबाब नवऱ्याच्या विरोधात हाय. आज रागात देताल. उद्या सासर-माहेर मधे पडंल, मग कोर्टात उभ्या राहून न्हाई म्हणताल. लई बघितलंय मी. नीट विचार करा. थांबतो मी हवं तर."

बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं. मागच्या फळीवरून अभिमन्यू उजेडातल्या खिडकीकडं, तिच्याकडं बघत होता. तिनंही त्याच्याकडं बघितलं. मग तिनं खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली.

"मी न्हाई म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही लिहा."